निळ्या ताडपत्र्या आणि लायसन्सचा कागद

२००४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यावर सहा-सात आठवड्यांत चार चक्रीवादळे आदळली : चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन आणि जीन. उडालेल्या छपरांवर लष्कराच्या अभियंता दलाने निळ्या ताडपत्र्या ठोकायला घेतल्या, आणि वस्त्याच्या वस्त्या निळ्या दिसू लागल्या. ताडपत्री हा चार दिवसांचा आडोसा. खाली राहणाऱ्यांना हवा होता छप्पर घालणारा माणूस, आणि तो मिळत नव्हता. फ्लोरिडाच्या कायद्याप्रमाणे जुन्या घराचे छप्पर बदलायचे तर छपराचे खास लायसन्स असलेला ठेकेदारच लागतो. असे ठेकेदार मोजके आणि उघडी पडलेली घरे असंख्य. शेवटी फ्रान्सिस वादळानंतर राज्याने स्वतःच ही अट तात्पुरती सैल केली आणि घरे बांधणाऱ्या इतर लायसन्सधारक ठेकेदारांनाही छपरे घालायची मुभा दिली. पुढच्या वर्षी कॅटरिना मिसिसिपीच्या मुखाकडे जाण्याआधी फ्लोरिडा ओलांडून गेले, तेव्हा पुन्हा तेच करावे लागले.

हा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. लायसन्सच्या बाजूने नेहमी एकच मुख्य कारण दिले जाते : सामान्य घरमालकाला छपरातले काही कळत नाही, तो फसवला जाऊ शकतो, म्हणून सरकारने आधीच पारखलेली माणसेच त्याच्या दारात यावीत. हे कारण खरे असेल, तर वादळानंतरचा आठवडा हीच त्या कायद्याची सर्वांत मोठी गरज. घरमालक तेव्हा घाबरलेला असतो, घाईत असतो, परगावचे अनोळखी ट्रक गल्लीत फिरत असतात. नेमक्या त्या आठवड्यात राज्याने आपले कुंपण उघडले. डेव्हिड स्कारबेक या अर्थशास्त्रज्ञाने २००८ साली ‘केटो जर्नल’मध्ये हा विरोधाभास मांडला. ती पत्रिका मुक्त बाजाराच्या बाजूने झुकलेली होती, तेव्हा तिचे निष्कर्ष जरा हात राखूनच घ्यावेत. पण यातला पुरावा त्या पत्रिकेचा नाही, सरकारच्या स्वतःच्या आदेशाचा आहे. आदेशाने रस्त्यावरच्या कुणालाही छपरावर चढवले नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. ज्यांना मुभा मिळाली ते दुसऱ्या वर्गाचे का होईना, लायसन्सधारकच होते. तरीही प्रश्न उरतोच. ज्यांच्या हाती वादळात छप्पर सोपवता येते, त्यांना एरवी का अडवायचे?

कायद्याचे कलम वाचले की हा प्रश्न आणखी टोचतो. फ्लोरिडात घर बांधणारा साधारण ठेकेदार स्वतः बांधलेल्या नव्या घरावर डांबरी शिंगलचे, म्हणजे एकमेकांवर चढवलेल्या डांबरी तुकड्यांचे, छप्पर घालू शकतो. त्यासाठी त्याला छपराचे वेगळे लायसन्स लागत नाही. शेजारच्या वीस वर्षे जुन्या घराचे शिंगल बदलायला मात्र तो अपात्र ठरतो. शिंगल तेच, खिळे तेच, पाऊसही तोच. जुने छप्पर उचकटून काढण्याचे काम वेगळे असते हे खरे, पण ते शिकायला वेगळी विद्या लागते असे कुणी म्हणणार नाही. ही सीमारेषा पावसाच्या पाण्याचा विचार करून आखलेली दिसत नाही. ती धंद्यांमधली वाटणी दिसते. फ्लोरिडाच्या बांधकाम लायसन्स मंडळावर कायद्याने १८ सदस्य असतात. त्यांतले १४ वेगवेगळ्या प्रकारचे ठेकेदार, दोन बांधकाम अधिकारी आणि दोनच ग्राहकांचे प्रतिनिधी. प्रत्येक धंद्याला आपापली खुर्ची दिली की प्रत्येक धंदा आपापली हद्द राखणार, यात कुणाच्या वाईट हेतूचा प्रश्नच नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्यक मंडळाच्या खटल्यात म्हटले, की ज्या मंडळावर त्याच धंद्यातल्या चालू व्यावसायिकांचे वर्चस्व आहे, त्याला राज्याची सक्रिय देखरेख असल्याशिवाय स्पर्धाविरोधी कायद्यातून सूट मिळणार नाही. दातांबद्दलचा तो निकाल छपरांनाही लागू पडावा असाच आहे.

आता खर्चाकडे वळू. लायसन्सची फी हा खर्चाचा सर्वांत लहान भाग. खरा खर्च लोकांच्या खिशातून जातो आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. २०१५ च्या जुलैमध्ये ओबामांच्या कार्यकाळात व्हाइट हाउसने व्यवसाय-लायसन्सांवर एक अहवाल काढला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जेमतेम पाच टक्के कामगारांना राज्याचे लायसन्स लागत असे, आता ते प्रमाण चौथ्या हिश्श्यावर गेले आहे, आणि लायसन्समुळे सेवांच्या किमती निरनिराळ्या अभ्यासांत ३ ते १६ टक्क्यांनी वाढलेल्या दिसतात, असे त्यात नोंदवले आहे. हे आकडे अनेक धंद्यांचे आहेत, छपरांपुरते नाहीत. तरी अंदाजासाठी १५,००० डॉलरचे छप्पर धरले, तर ही वाढ ४५० पासून २,४०० डॉलरपर्यंत जाते. वादळानंतर त्यात उशिराची भर पडते. फ्लोरिडाच्या दमट हवेत ताडपत्रीखालून झिरपणारे पाणी आधी छताच्या आतल्या उष्णतारोधक थराला भिजवते, मग जिप्समच्या भिंतीत शिरते आणि तिथे बुरशी धरते. छपराचे काम असलेले घर बघता बघता भिंतींचेही काम होऊन बसते.

मग अंमलबजावणी. लायसन्सशिवाय ठेकेदारी करणे फ्लोरिडात एरवी पहिल्या खेपेला किरकोळ स्वरूपाचा गुन्हा आहे. राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केलेली असेल तर तीच पहिली खेप गंभीर गुन्हा ठरते, आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यासाठी सापळे रचायचे, खटले चालवायचे, माणसे तुरुंगात ठेवायची, हा सगळा खर्च सार्वजनिक आहे. ठेकेदाराने पैसे बुडवले तर घरमालकाला भरपाई देणारा एक निधी राज्याने उभारला आहे. बांधकाम परवानगीच्या प्रत्येक फीवर दीड टक्का अधिभार लागतो आणि त्यातला वाटा या निधीत जातो. म्हणजे पैसे सगळे घरमालक भरतात. पण भरपाई मिळते ती फक्त लायसन्सधारकाकडून फसलेल्याला. ज्याला बिनलायसन्सवाल्याने लुटले त्याच्यासाठी या निधीत काही नाही. छपराच्या ठेकेदारांचे ग्राहक तर २०१६ पर्यंत या निधीच्या कक्षेबाहेरच होते. आत घेतले तेव्हा त्यांच्यासाठी कमाल मर्यादा होती १५,००० डॉलर. लायसन्सच्या नावाने लोकांना जे अभय दिल्यासारखे वाटते, त्याचे माप एवढेच आहे.

इतके मोजून पदरात काय पडते? फ्लोरिडाचे लायसन्स मिळवायला चार वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, धंद्याचे हिशेब आणि छपराचे तंत्र अशा दोन विषयांची परीक्षा द्यावी लागते, विमा दाखवावा लागतो आणि कर्जफेडीची पत ६६० गुणांची असावी लागते, नाहीतर हमीपत्र द्यावे लागते. यातली एकही गोष्ट निरर्थक नाही. पण ही सगळी पारख होते ती कंपनीच्या वतीने लायसन्स धारण करणाऱ्या माणसाची. छपरावर चढतात ते वेगळेच. त्यांत मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले मजूर मोठ्या संख्येने असतात. त्यांचे हात कुठलीच परीक्षा देत नाहीत. आणि या धंद्यात सर्वांत मोठा धोका त्यांनाच असतो. २०२२ मध्ये अमेरिकेत दर लाख पूर्णवेळ कामगारांमागे कामावर मरणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ३.७ होते, छपरावर काम करणाऱ्यांत ते ५७.५ होते. लायसन्सच्या परीक्षेत सुरक्षेचे प्रश्न असतात, पण पडणाऱ्याला धरून ठेवणारा दोर त्या दिवशी अंगाला बांधला होता की नाही, हे परीक्षा पाहत नाही. तो विषय केंद्र सरकारच्या कामगार सुरक्षा नियमांचा आहे, आणि तिथेही तपासनीस प्रत्यक्ष छपराखाली उभा राहिला तरच नियमाला अर्थ.

या साऱ्याची सर्वांत कठोर परीक्षा २४ ऑगस्ट १९९२ रोजी झाली. अँड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेकडे, डेड काउंटीत २५,००० हून अधिक घरे उद्ध्वस्त केली आणि सुमारे एक लाख घरांचे नुकसान केले. फ्लोरिडात तेव्हाही ठेकेदारांना लायसन्स लागत होते. दक्षिण फ्लोरिडाची बांधकाम नियमावली कागदावर देशातल्या कडक नियमावल्यांत मोजली जात होती. वादळानंतर अभियंते ढिगाऱ्यांतून फिरले, तेव्हा त्यांना छपराचे प्लायवूडचे तक्ते सापडले. वाशांत रुतायला हवेत असे स्टेपल त्या तक्त्यांना होते, पण कित्येक स्टेपल वाशाला चुकवून बाजूच्या हवेत उतरले होते. वरून पाहिले तर तक्ता ठोकलेला दिसत होता, खालून तो कशालाच धरलेला नव्हता. कामावर माणूस लायसन्सवाला होता, पण ते स्टेपल झाकले जाण्याआधी कुणी माळ्यावर चढून खालच्या बाजूने पाहिले नव्हते.

अँड्र्यूनंतर फ्लोरिडाने जे धडे घेतले, त्यांतला मोलाचा धडा बांधकामाबद्दलचा आहे. नियम बदलले, खिळ्यांचे अंतर कमी झाले, स्टेपलची जागा खिळ्यांनी घेतली, आणि १ मार्च २००२ पासून संपूर्ण राज्याला एकच इमारत नियमावली लागू झाली. २००४ मध्ये चार्ली वादळ शार्लट काउंटीवरून गेले. त्यानंतर विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने दावे तपासले. १९९६ नंतरच्या कडक नियमांनी बांधलेल्या घरांकडून आलेले दावे जुन्या घरांच्या तुलनेत ६० टक्क्यांनी कमी होते, आणि आलेल्या दाव्यांतली हानी ४२ टक्क्यांनी कमी होती. पुढे २०१८ मध्ये ‘लँड इकॉनॉमिक्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने दहा वर्षांचे दावे पाहून हिशेब मांडला, की राज्यव्यापी नियमावलीमुळे वादळवाऱ्याची हानी ७२ टक्क्यांपर्यंत घटली आणि तिच्यावर घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे सुमारे सहा डॉलर वाचले. छपराच्या लायसन्सच्या बाजूने असा एकही आकडा माझ्या पाहण्यात नाही. दोन्ही काळांत लायसन्स होतेच. बदलले ते खिळे आणि ते पाहणारी नजर.

छपराचे काम जवळून पाहिले की नजरेचे महत्त्व कळते. डांबरी शिंगलवर साधारण मध्यावर खिळे मारण्याची एक अरुंद पट्टी असते. वादळी प्रदेशात प्रत्येक शिंगलला सहा खिळे लागतात. पट्टीच्या दोन बोटे वर खिळा बसला, तर तो खालच्या शिंगलची वरची कड पकडत नाही आणि वारा शिंगलला खालून उचलतो. नेलगनमधला हवेचा दाब जास्त झाला, तर खिळ्याचे डोके शिंगल चिरून आत जाते. खिळा दिसतो, पण तो शिंगलला धरत नाही, फक्त भोकात उभा असतो. आणि ही चूक जेमतेम मिनिटभर दिसते. वरची ओळ आली की झाकली जाते. त्याखालचा चिकट पाणरोधक थर, त्याखालचे तक्ते, तक्त्यांतले वलयाकार खाचांचे खिळे, सगळे एकाखाली एक दडत जाते. छप्पर पुरे झाल्यावर चांगले काम आणि वाईट काम अगदी सारखे दिसते, पुढचे वादळ येईपर्यंत. घरमालकाला छपरातले कळत नाही, असे लायसन्सचे समर्थक म्हणतात ते यासाठीच बरोबर आहे. पण पाच वर्षांपूर्वी परीक्षा पास झालेल्या ठेकेदाराचे लायसन्स या मिनिटात काहीच सांगू शकत नाही. सांगू शकतो तो दुपारी तक्ते उघडे असताना शिडीवर चढलेला तपासनीस. फ्लोरिडाच्या नियमांत असा टप्प्याटप्प्याने तपास आहे. पण कामाचा रेटा वाढला की अनेक ठिकाणी ठेकेदाराच्या प्रतिज्ञापत्रावर भागवले जाते. तक्ते नीट ठोकले, असे ठोकणाराच लिहून देतो. लायसन्स आहे ना, मग त्याच्या शब्दावर विश्वास ठेवा, असा त्यामागचा अर्थ. लायसन्सचा सर्वांत महागडा परिणाम मला हाच वाटतो : कागद पाहून डोळे मिटण्याची सवय.

दुसरी वाट टेक्ससमध्ये आहे. तिथे छप्पर ठेकेदाराला राज्याचे लायसन्स लागत नाही. पण १९७० च्या सेलिया वादळानंतर खासगी विमा कंपन्या किनाऱ्यावरून मागे हटल्या, आणि राज्याने १९७१ मध्ये वादळविम्याची वेगळी संस्था उभी केली. किनाऱ्याच्या १४ काउंटींत आणि ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीच्या एका भागात हा विमा हवा असेल, तर १९८८ पासूनच्या बांधकामाला वादळवाऱ्याच्या नियमांप्रमाणे काम झाल्याचे प्रमाणपत्र लागते. नवे छप्परही त्यात आले. छप्पर कुणी घातले, हे तिथे कळीचे नाही. कसे घातले, हे आहे. या पद्धतीतही खोट शिरू शकते. काम तपासणारा अभियंता जागेवर न जाता सही करू शकतो, त्याची फी घरमालकालाच भरावी लागते, आणि विमा नको असेल त्याच्या छपराकडे कुणी फिरकत नाही. टेक्ससची छपरे फ्लोरिडाहून चांगली आहेत असा माझा दावा नाही. एवढेच म्हणायचे आहे, की तिथे सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक सक्ती छपराशी बांधली आहे, धंद्यात शिरण्याच्या दाराशी नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो वादळामागून फिरणाऱ्या ठगांचा. गारपीट झाली की परराज्यातले ट्रक येतात, आगाऊ रक्कम घेतात, अर्धे छप्पर उचकटतात आणि नाहीसे होतात. हे खरेच घडते, आणि ज्याच्या घरात घडते त्याला अर्थशास्त्र सांगणे क्रूरपणाचे आहे. पण असा ठग परीक्षेला घाबरत नाही, कारण तो परीक्षेला बसतच नाही. त्याला अडवायचे तर त्याच्या हातात पैसे लवकर पडू नयेत. गारपिटीच्या कोलोराडोने २०१२ मध्ये नेमके हे केले. तिथे राज्यपातळीवर छपराचे लायसन्स नाही. पण घरगुती छपराचा करार लेखीच हवा, विमा कंपनीने दावा नाकारला तर घरमालकाला ७२ तासांत करार मोडता येतो, माल जागेवर येईपर्यंत किंवा कामाचा मोठा भाग होईपर्यंत ठेकेदाराने घेतलेले पैसे विश्वस्त म्हणून सांभाळायचे, आणि विम्यातला घरमालकाच्या वाट्याचा भाग मी भरतो, असे आमिष दाखवायचे नाही. प्रामाणिक ठेकेदाराला यातले काहीच जड नाही. त्याची वाट अडत नाही आणि ठगाचा धंदा बसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लायसन्स असेल तर ते काढून घेता येते, तेव्हा माणूस चुकला तर त्याला धरायला काही तरी हवे. हे मला मान्य आहे. पण धरण्यासाठी नोंदणी पुरते : नाव, पत्ता, विम्याचा पुरावा, कामगारांच्या अपघात-भरपाईचा विमा. ओक्लाहोमाने २०१० मध्ये छप्पर ठेकेदारांसाठी नोंदणीचा कायदा केला तो याच धर्तीवर. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्ये नोंदणी, प्रमाणपत्र आणि लायसन्स अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या होत्या. त्यांच्या बाकीच्या मतांशी सहमत नसलेल्यालाही हा भेद उपयोगी पडावा. नोंदणी सांगते की हा माणूस कोण आहे. लायसन्स म्हणते की बाकी कुणी हे काम करायचे नाही. पहिल्यासाठी दुसऱ्याची किंमत मोजण्याची गरज नाही. आपल्याकडच्या रेरा कायद्यातही विकासकाला प्रकल्प नोंदवावा लागतो, पण घर घेणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाचे कलम वेगळे आहे : ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत रचनेत किंवा कारागिरीत दोष निघाला तर विकासकाने तो विनामोबदला दुरुस्त करायचा. तिथे जबाबदारी दोषाला चिकटलेली आहे.

तिसरा आक्षेप माझ्याच मांडणीवर उलटतो. नियमावलीही महाग पडते आणि तिचाही गैरवापर होतो. फ्लोरिडानेच त्याचा दाखला दिला आहे. बारा महिन्यांत छपराचा २५ टक्क्यांहून अधिक भाग दुरुस्त करायचा असेल तर संपूर्ण छप्पर नव्या नियमाने करावे लागे. थोडी शिंगले उडालेली दाखवून पूर्ण छपराचा दावा करायला यातून वाट मिळाली, आणि घरमालकाकडून विम्याचे हक्क ठेकेदाराच्या नावे लिहून घेण्याच्या पद्धतीने त्याला खतपाणी घातले. राज्याच्या विमा आयुक्तांनी २०२१ मध्ये विधिमंडळाला कळवलेल्या आकड्यांनुसार, २०१९ मध्ये देशातल्या घरविम्याच्या दाव्यांपैकी जेमतेम ८ टक्के फ्लोरिडातले होते, पण घरविम्याच्या खटल्यांपैकी सुमारे ७६ टक्के तिथले होते. मला यात दोन गोष्टी दिसतात. एक, लायसन्सने ही लाट रोखली नाही. २०२१ मध्ये राज्याने ठेकेदारांच्या जाहिरातींवर बंधने घातली, तीही भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर केंद्रीय न्यायालयाने थांबवली. दुसरे, नियम चुकला तेव्हा तो दुरुस्त करता आला, कारण तो मोजता येणाऱ्या वस्तूबद्दल होता. २००७ च्या किंवा नंतरच्या नियमावलीने घातलेल्या छपरांना २०२२ मध्ये २५ टक्क्यांच्या अटीतून सूट मिळाली, आणि त्याच वर्षअखेरीस हक्क लिहून घेण्याची पद्धत नव्या विमापत्रांसाठी बंद झाली. छप्पर कोणत्या सालचे, किती उडाले, काय वाचले, हे तपासून नियम सुधारता येतो. कोणते ठेकेदार धंद्याबाहेर राहिले आणि त्यामुळे कोण ताडपत्रीखाली भिजले, याची नोंदच होत नाही, म्हणून लायसन्सचा कायदा चुकलेला कळतही नाही.

लायसन्स काढले की सगळे सुरळीत होईल, असे मात्र मी म्हणत नाही. त्याचा पुरावा आपल्या कोकणातच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगडच्या किनाऱ्यावर कौले आणि पत्रे उडवले. इथे पत्रे बसवणाऱ्याला कुठलेही लायसन्स लागत नाही, आणि पत्र्याचा हूक-बोल्ट अँगलला नीट आवळला का, हे पाहायलाही कुणी येत नाही. दार मोकळे आणि नजरही नाही, अशी ही अवस्था आहे. फ्लोरिडात दार बंद आहे आणि नजर अपुरी. दोन्हीकडे गरजेची गोष्ट तीच राहून जाते.

फ्लोरिडाला ही नजर ठेवणे अवघड नाही. सरकारी तपासनिसाऐवजी परवानगी असलेला खासगी तपासनीस नेमण्याची सोय तिथल्या कायद्यात आहे. दीड टक्क्याचा अधिभारही आधीपासूनच गोळा होतो आहे. जुने छप्पर बदलण्याच्या कामातली वर्गवारी काढून टाकावी, नोंदणी आणि विमा ठेवावा, आगाऊ रकमेवर कोलोराडोसारखा लगाम घालावा, आणि वाचलेला पैसा व माणसे तपासाकडे वळवावीत. वादळाच्या मोसमासाठी इतर काउंटींतल्या तपासनिसांशी आधीच करार करून ठेवावेत, म्हणजे प्रतिज्ञापत्रावर भागवायची वेळ येणार नाही. जुने शिंगल सकाळी निघतात आणि पावसाच्या धास्तीने दुपारपर्यंत तक्त्यांवर पाणरोधक थर चढतो. मधले तीन-चार तास तक्ते उघडे असतात, प्रत्येक खिळा मोजता येतो, आणि वाशाला चुकलेला खिळा माळ्यावर बॅटरी मारली की चमकतो.